यादीतलं पहिलं नाव

कासमने टेबलाखाली गुडघ्यांवर बसून प्लगच्या भोकांत फुंकर मारली. पितळेची पिवळी धूळ उलटून त्याच्याच तोंडावर आली. शंकर टेकरीच्या या पितळकारखान्यांच्या भागात धूळ म्हणजे पितळच. नाक शिंकरलं तरी रुमाल चमकतो असं इथले लोक म्हणतात, आणि ते फार खोटं नाही. त्याने प्लग बसवला, कमरेला हात लावून उठला आणि मशीनचं बटण दाबलं.

"लागलं का?" हरखचंद गोसरानींनी खुर्चीतून विचारलं.

"लागेल, शेठ. दम धरा."

"दोन दिवस दमच धरतोय. तिसऱ्या दिवशी दम निघेल."

पडदा उजळला. हरखचंदांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला मिनिटभर होतं. तीन वाजता देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, केलेल्या दोषांची कबुली द्यायचं मोठं प्रतिक्रमण होतं, वर्षातलं सगळ्यात लांब, तीन तासांचं. त्याला बसायच्या आधी सगळ्या ओळखीपाळखीच्या माणसांना क्षमेचं पत्र गेलेलं असावं हा हरखचंदांचा नेम. पूर्वी पोस्टकार्डं होती. पर्युषण लागलं की रोज संध्याकाळी चाळीस कार्डं याप्रमाणे ते स्वतः पत्ते घालायचे. पुढे कार्डांची ईमेल झाली, नेम तोच राहिला. आज संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस, कारखाना बंद, ऑफिसात ते आणि कासम दोघंच. पत्र लिहून तयार होतं आणि पाठवायचं यंत्र दोन दिवस कासमच्या दुकानात पोट फाडून पडलेलं होतं.

मशीनला व्हायरस लागला होता. कासमने ते कोरं करून सगळं नव्याने टाकलं होतं. पत्र एका डिस्कवर होतं म्हणून वाचलं, पण पत्त्यांची यादी गेली. मग कपाटाच्या तळाशी एक जुनी सीडी सापडली, त्यावर शाईने लिहिलेलं 'पत्ते, दिवाळी २००२'. दहा वर्षांपूर्वीची का होईना, यादी होती. मधे वाढलेली नावं हरखचंदांच्या डायरीत होती, ती नंतर घालता आली असती.

"आता ईमेलचं खातं लावायचं," कासम खुर्ची ओढत म्हणाला. "पासवर्ड सांगा."

"पासवर्ड मला काय माहीत? तो मशीनला माहीत होता."

"मशीनची आठवण मी पुसली ना, शेठ."

"मग तुला कळायला हवं होतं पुसायच्या आधी! टाइपरायटरला कधी पासवर्ड लागला होता का रे?"

कासम हसला. हा टोमणा त्याला चारपाच महिन्यांनी एकदा मिळायचाच. तो मूळचा टाइपरायटर दुरुस्त करणारा. याच टेबलावरच्या गुजराती टाइपरायटरची फीत त्याने वीस वर्षं बदलली होती. टाइपरायटर गेले, हाताला काम राहिलं नाही, तेव्हा हरखचंदांनीच आपला पहिला कॉम्प्युटर त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, खोलून बघ, यातही काहीतरी स्क्रू असतीलच. बिघडलं तर बिघडलं. तो बिघडला नाही. तेव्हापासून कासम कॉम्प्युटरवाला झाला.

पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर निघाला, जुन्या कारकुनाच्या बारीक अक्षरात. कासमने नाव घातलं, पत्ता घातला, येणाऱ्या टपालाच्या सर्व्हरचं नाव घातलं, जाणाऱ्याचं घातलं. बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग एकाखाली एक ओळी उतरायला लागल्या. एकेचाळीस पत्रं होती. राजकोटहून, मुंबईहून, लंडनहून. सगळ्यांचा विषय एकच, मिच्छामि दुक्कडम्.

"बघ," हरखचंद म्हणाले. "जगाची माझी क्षमा मागून झाली आणि मी इथे तुझं तोंड बघत बसलोय."

"येणारं टपाल सुरू झालं, शेठ. आता जाणारं बघू."

जाणारं जात नव्हतं. कासमने स्वतःच्याच पत्त्यावर एक पत्र टाकलं, ते तळाशी अडकलं आणि लाल अक्षरांत नकार आला. त्याने सेटिंग उघडलं. सर्व्हरला ओळख पटवावी लागते, ती खूण राहिली होती. खूण केली. पुन्हा नकार. हरखचंदांनी थर्मासमधून उकळलेलं पाणी ओतून दोन घोट घेतले. आज त्यांना तेवढंच चालत होतं, तेही सूर्य मावळेपर्यंत. कासमसाठी मात्र त्यांनी येतानाच चहा सांगून ठेवला होता, तो टेबलाच्या कडेला साय धरत होता.

"चहा पी. उपास माझा आहे, तुझा नाही."

"तुमच्यासमोर बरं नाही वाटत."

"रोज्यात चौदा तास पाण्यावाचून राहणारी माणसं तुम्ही, आणि माझ्या उपासाची लाज वाटते? पी."

कासमने चहा एका दमात संपवला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. चूक कुठे होती ते त्याला अंदाजाने कळलं. "ब्रॉडबँडवाल्यांनी पंचवीस नंबरचं दार बंद केलंय," तो म्हणाला. "फुकटची जाहिरातपत्रं पाठवणारे फार झाले ना, म्हणून. आता पाचशे सत्त्याऐंशी नंबरने जायचं."

"म्हणजे मागच्या दाराने?"

"तसंच समजा."

"क्षमा मागायची ती पण मागच्या दाराने. चांगला काळ आणलात."

कासमने आकडा बदलला. स्वतःला पाठवलेलं पत्र स्वतःच्याच घरी पोचलं, एवढ्यावर त्याचा भरवसा बसायचा नाही. पत्र बाहेर गेलं पाहिजे, परक्याच्या हातात पडलं पाहिजे, तेव्हा काम झालं, ही त्याची टाइपरायटरच्या काळापासूनची शिस्त. तेव्हाही तो दुरुस्ती झाल्यावर कोऱ्या कागदावर न टाइप करता गिऱ्हाइकाच्या खऱ्या पत्रावर दोन ओळी मारून बघायचा. म्हणून त्याने सीडीवरून आलेली यादी उघडली, सगळ्यात वरच्या नावावर टिचकी मारली, विषयाच्या जागी 'टेस्ट' लिहिलं, आत 'टेस्ट' लिहिलं आणि पाठवून दिलं.

पत्र गेलं, लाल अक्षरं आली नाहीत.

"झालं, शेठ! सुटलात. आता यादी बघून घ्या, कोण राहिलं, कोण गेलं. मग मी सगळ्यांना एकदम सोडतो."

हरखचंदांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे घेतली आणि गेलेल्या पत्रांच्या घरात बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"हे कुणाला पाठवलंस?"

"यादीतलं पहिलं नाव. कुणी आदिनाथ हार्डवेअर आहे. तुमचं गिऱ्हाईक असेल."

हरखचंदांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला.

"आदिनाथ हार्डवेअर," ते म्हणाले, "नैरोबीला आहे."

नैरोबी म्हटल्यावर कासमला पुढचं सांगायला नको होतं. हे नाव यादीतून काढलं तेव्हा तो याच खुर्चीत बसला होता. नाव काढायचं कसं ते दाखव, असं शेठ म्हणाले होते. ओळ निवडायची आणि हे बटण दाबायचं, त्याने दाखवलं. शेठनी स्वतःच्या बोटाने दाबलं होतं आणि विचारलं होतं, हे परत नाही ना येत? आणि तो म्हणाला होता, नाही शेठ, गेलं ते गेलं.

आणि आज त्यानेच ते सीडीवरून परत आणून ठेवलं होतं, वर त्यालाच पहिलं पत्र टाकलं होतं.

गोष्ट सगळ्या उद्योगनगरला माहीत होती. नैरोबीचा अमृतलाल हरखचंदांचा धाकटा भाऊ, एकुलता. २००३ च्या फेब्रुवारीत बा, त्यांची आई, गेली, पहाटे सहाला. हरखचंदांनी नैरोबीला फोन लावला. अमृतलाल म्हणाला, मोटाभाई, पहिल्या विमानात बसतो, उद्या सकाळी पोचतो, बाला बर्फावर ठेवा. हरखचंद म्हणाले, बाला बर्फावर ठेवायची? देह ठेवला की त्यात घडीघडीला जीव उपजतात आणि मरतात, ते पाप तिच्या माथी मारायचं? जिने उभ्या जन्मात मुंगीला पाय लावला नाही तिच्या? दहा वाजता चिता पेटली. दुसऱ्या दिवशी अमृतलाल विमानतळावरून थेट घरी आला, हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. कुठे आहे, म्हणाला. त्याला कोपऱ्यातला अस्थींचा तांब्या दाखवला. तो उंबऱ्यातून मागे फिरला. धर्मशाळेत तीन दिवस राहिला आणि त्या घराचं पाणी न पिता निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, तुम्ही नियम पाळलात, मोटाभाई, मला नाही.

कासमला तेव्हा शेठचं चुकलं असं वाटलं होतं, पण ते त्याने कधी तोंडातून काढलं नव्हतं. मय्यत ताटकळत ठेवायची नाही हे मुसलमानांतही होतं. तरी त्याचे अब्बा गेले तेव्हा धोराजीहून बहीण यायची होती म्हणून माणसं चार तास अंगणात बसून राहिली होती. मौलवीसुद्धा बसले होते. पण चार तास कुठे आणि एक दिवस कुठे, असंही त्याच्या मनात यायचं, आणि मग तो विचार सोडून द्यायचा.

"परत बोलवता येतं?" हरखचंदांनी विचारलं.

"नाही, शेठ."

"पोस्टाची पेटी असती तर पोस्टमनच्या हातापाया पडून काढून घेतलं असतं."

"चूक माझी आहे. मी नाव नीट बघायला हवं होतं."

"तुझीच आहे!" हरखचंदांचा आवाज चढला आणि मधेच थांबला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, डोळे उघडले. "नशीब समज. आज रागसुद्धा करता येत नाही मला. उद्या ये, उद्या तुला सोलतो."

"उद्या येतो."

"काय लिहिलंस त्यात?"

"टेस्ट."

"आणि?"

"आणि काही नाही. वर टेस्ट, आत टेस्ट. तुमचं नाव आपोआप जातं."

"नऊ वर्षांनी भावाचं पत्र," हरखचंद म्हणाले, "आणि त्यात टेस्ट."

ते उठले. खिडकीपाशी गेले, तिथून दारापाशी आले. बाहेर कारखान्याच्या आवारात बंद लेथ मशीनांवर ताडपत्र्या होत्या. एरवी या वेळेला दोन शब्द बोलायचे तरी ओरडावं लागायचं. आज पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"असं करू," कासम म्हणाला. "लगेच दुसरं पत्र टाकू. लिहू की मशीन दुरुस्त करताना चुकून गेलं, माफ करा. मेकॅनिकची चूक म्हणून लिहा, माझं नाव घाला."

"शहाणाच आहेस. आज संवत्सरी आहे. आजच्या दिवशी भावाला कळवू की बाबा रे, तुला पत्र पाठवायचं नव्हतं, चुकून गेलं? शत्रूलासुद्धा असं कळवत नाही कुणी."

कासमला हे सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, "मग राहू द्या तसंच. किंवा सगळ्यांना जाणारं पत्र त्यांनाही जाऊ द्या. एक नाव जास्त."

"ते?" हरखचंदांनी पडद्याकडे बोट केलं. पत्र तिथे उघडं होतं. मन, वचन, काया, जाणता-अजाणता, वर्षभरात, आपलं अंतःकरण दुखावलं असेल तर. खाली कारखान्याचं नाव आणि फोन नंबर. "हे मी त्या कुरियरवाल्यालाही पाठवतो. सेल्स टॅक्सच्या साहेबाला पाठवतो. हे अमुला पाठवू?"

"मग वेगळं लिहा."

"काय लिहू?"

कासमने चहाचा रिकामा कप बाजूला सरकवला.

"वेगळं लिहायचं म्हणजे मी चुकलो असं लिहायचं. मी चुकलो नाही, कासम. देरासरातल्या महाराजसाहेबांना विचारून केलं होतं. आजही विचार, तेच सांगतील." ते खुर्चीत बसले. "दर वर्षी लिहायला बसतो. दर वर्षी इथवर येतो. लोक म्हणतात, जैनांचं बरं आहे, वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागितली की मोकळे. ज्याच्याशी भांडण नाही त्याची मागतो आम्ही. ज्याच्याशी आहे तो यादीतच नसतो."

"यादीत होते ते," कासम म्हणाला. "तुम्ही काढलंत."

म्हणाला आणि त्याने जीभ चावली. पण हरखचंद रागावले नाहीत. त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि तसंच बंद केलं.

पावणेएक झाला होता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात तेवढेच वाजले होते, भिंतीवरच्याही तेवढेच. कासमने यादी खाली सरकवायला सुरुवात केली, काहीतरी करायचं म्हणून. चांगली लांबलचक यादी होती. काही नावं वाचून हरखचंद म्हणत, हे गेले. हे पण गेले. याचा मुलगा आहे, पत्ता बदललाय. कासम एकेक ओळ काढत होता. सगळ्यात वरच्या ओळीला दोघांनीही हात लावला नाही.

तेवढ्यात टपाल येतं तसा बारीक आवाज झाला.

यादीच्या मागून नवी ओळ दिसली. आदिनाथ हार्डवेअर. विषय, टेस्ट. पुढे उत्तराची खूण.

"आलं," कासम म्हणाला.

"काय आलं?"

"त्यांचं."

हरखचंदांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. नैरोबीत साडेदहा वाजायचे होते. तोही आज उपाशीच असणार, दुकान बंद ठेवून, तोही बहुतेक आपल्या यादीसमोर बसला असणार.

"शिव्या असतील," ते म्हणाले.

"आजच्या दिवशी?"

"त्याच्यात हिंमत आहे. तू वाच. मला चष्म्यातून नीट दिसत नाही."

चष्म्यातून त्यांना मुंगी दिसायची, हे कासमला ठाऊक होतं. त्याने पत्र उघडलं. इंग्रजी अक्षरांत गुजराती लिहिलेलं होतं, चारच ओळी. त्याने एकदा मनात वाचल्या आणि मग मोठ्याने वाचल्या.

"मोटाभाई, तुमची टेस्ट मिळाली. पत्रावर तारीख एक जानेवारी दोन हजार दोन आहे. मी दोनदा पाहिली. तेव्हा बा होती. अमु."

पंखा फिरत राहिला.

"कसली तारीख?" हरखचंदांनी विचारलं.

कासमने माऊस कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला. एरवी तिथे नुसती वेळ दिसायची, बाण ठेवला की तारीख यायची. आली. १ जानेवारी २००२. बारा वाजून सत्तेचाळीस मिनिटं, आणि त्यापुढे रात्रीची खूण. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"आतला सेल गेलाय, शेठ. बटणाएवढा असतो, वीज नसली तरी घड्याळ चालू ठेवतो. दुकानात मी तारीख लावली होती. पण प्लग काढून इथे आणलं की मशीन सगळं विसरलं. सेल मेला की ही मशीनं याच तारखेला परत जातात. ही बनली तेव्हाची तारीख. इथे आणून सुरू केलं तेव्हा नेमके बारा वाजायला आले होते, म्हणून वेळ बरोबर दिसली आणि मी फसलो."

"म्हणजे यात आज दोन हजार दोन आहे."

"हो. बरं झालं त्यांनी कळवलं. नाहीतर तुमची सगळी पत्रं दहा वर्षं जुनी होऊन गेली असती. लोक हसले असते." तो बोलत असतानाच पिशवीत हात घालून सेल शोधत होता. सापडला. कागदाच्या चौकटीतून त्याने तो अंगठ्याने बाहेर काढला. "दोन मिनिटांचं काम. मशीन बंद करतो, सेल घालतो, आजची तारीख लावतो. मग सगळ्यांना सोडू. अजून दोन तास आहेत."

तो वाकला. त्याचा हात बटणापर्यंत गेला होता.

"थांब," हरखचंद म्हणाले.

कासम वाकलेलाच थांबला.

"दोन मिनिटं थांब. राहू दे ती तारीख."

त्यांनी खुर्ची पुढे घेतली. कीबोर्ड स्वतःकडे ओढला. कासम सरळ झाला, आणि काय करावं ते न सुचून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मागून कळा आपटल्याचे आवाज येऊ लागले. हरखचंद कॉम्प्युटरच्या कळाही टाइपरायटरच्या जोराने मारायचे. कासमने कितीदा सांगितलं होतं, शेठ, हिला ठोकायचं नाही, नुसतं शिवायचं. वर्षाला एक कीबोर्ड जायचा.

आवाज थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सावकाश, एकेक कळ. कासमने न राहवून मान वळवली. एक ओळ संपली तसा हरखचंदांचा डावा हात हवेत वर गेला, जिथे पूर्वी टाइपरायटरचा दांडा असायचा तिथे, आणि काही न सापडून खाली आला. बाहेर एक कुत्रं ताडपत्रीच्या सावलीला येऊन बसलं.

"हे आता कुठून जातं?" हरखचंदांनी विचारलं. "कुठलं बटण?"

"वर डावीकडे."

"दिसत नाही. दाखव."

कासम त्यांच्या खांद्यावरून वाकला. पडद्यावर बोट न्यायचं म्हणजे पडद्याकडे बघावं लागतं. बघितलं तर वाचलं जातं. इंग्रजी अक्षरांतली गुजराती होती, मधे मधे चुकलेली.

'अमु, बाला बरं नाही. तुझी वाट बघते. तू नीघ. तू येईपर्यंत मी थांबतो. मोटाभाई.'

कासमने बटणावर बोट ठेवलं. त्याने ते दाबलं नाही. हरखचंदांनी माऊस धरला, बाण हळूहळू त्याच्या बोटापर्यंत आणला आणि स्वतःच दाबलं. पत्र पडद्यावरून गेलं.

"गेलं?"

"गेलं, शेठ."

हरखचंदांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे पुसले नाहीत, नाकच जोराने शिंकरलं आणि रुमाल घडी करून खिशात घातला.

"आता लाव," ते म्हणाले, "आजची तारीख."